इफ्तारनंतरचा पहिला झुरका

मगरीबची अजान होते. दस्तरखानावरची खजूर तोंडात जाते, दोन घोट पाणी पोटात उतरते, कलिंगडाची फोड संपते आणि माणसे नमाजला उठतात. नमाज आटोपून बाहेर पडताना बहुतेकांची पावले घराकडे वळतात. काही मात्र कोपऱ्यावरच्या टपरीपाशी थांबतात. काडी ओढली जाते, पहिला झुरका आत जातो आणि क्षणभर भिंतीचा आधार घ्यावा लागतो. डोके गरगरते, छाती धडधडते. तेरा-चौदा तासांच्या उपवासानंतरचा हा झुरका इतर अकरा महिन्यांतल्या कुठल्याही झुरक्यापेक्षा जोरात लागतो, हे प्रत्येक ओढणारा रोजेदार जाणतो.

गेल्या काही वर्षांत या कोपऱ्यावर आणखी एक दृश्य दिसू लागले आहे. वडील बिडी पेटवत असतात आणि थोड्या अंतरावर, वडिलांची नजर चुकवून, मुलगा खिशातून पेनासारखी नळी काढतो. काडी लागत नाही, राख पडत नाही. स्ट्रॉबेरीचा किंवा पुदिन्याचा वास येतो आणि पांढरा ढग हवेत विरून जातो. घरी कधी विषय निघालाच तर मुलाचे उत्तर तयार असते, ‘‘अब्बा, ये तो सिर्फ भाप है. आपकी बीडी से पंचानवे टक्का कम नुकसान.’’ वडिलांचेही उत्तर तयार असते : बिडीत निदान तंबाखू आणि पान असते, या नळीत काय भरले आहे ते कुणाला ठाऊक?

गंमत अशी की दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे, आणि दोघेही त्याचा उपयोग आपापली सवय टिकवण्यासाठीच करतात.

आधी रोजाचा प्रश्न मिटवून टाकू, कारण तरुण पोरे तो खरोखर विचारतात. उदबत्तीचा किंवा लोबानचा धूर नकळत नाकात गेला तर रोजा तुटत नाही. धूर मुद्दाम आत ओढला तर मात्र तुटतो, असे आलिम सांगतात. हनफी असोत की कोकणातले शाफई, सिगारेटच्या बाबतीत यावर फारसे दुमत नाही. वेपची ‘भाप’ही त्याच नियमात बसते, कारण तीही जाणूनबुजून घशाखाली उतरवली जाते. इंडोनेशियातील मुहम्मदिया या मोठ्या संघटनेने २०१० मध्ये धूम्रपान हराम ठरवले आणि २०२० मध्ये ई-सिगारेटलाही त्याच रांगेत बसवले. आपल्याकडे काही आलिम धूम्रपानाला मकरूह म्हणतात, काही हराम. मकरूह म्हणजे हराम नव्हे, पण नापसंत. आपल्या सोयीचा शब्द प्रत्येक जण बरोबर लक्षात ठेवतो.

आता शरीराकडे. निकोटिन रक्तात फार काळ टिकत नाही. साधारण दर दोन तासांनी त्याचे प्रमाण निम्मे होते. सहरीच्या वेळी घाईघाईने ओढलेल्या बिडीचा असर दुपारपर्यंत जवळजवळ संपलेला असतो. जोहरच्या सुमारास डोके दुखू लागते, असरनंतर माणूस चिडचिडा होतो. घरातले म्हणतात, रोजा लागला. खरे तर पुष्कळदा रोजा नव्हे, तंबाखू लागलेली असते. त्याच वेळी रक्तात एक चांगली गोष्टही घडत असते. धुरातून आलेला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. दर चार-पाच तासांनी तोही निम्म्यावर येतो. म्हणजे इफ्तारपर्यंत धूम्रपान करणाऱ्याचे रक्त सकाळपेक्षा बरेच स्वच्छ झालेले असते. मग ती काडी ओढली जाते.

बिडी-सिगारेटचा खरा गुन्हेगार हा धूर आहे. तलफ निकोटिन लावते, पण फुफ्फुसे आणि रक्तवाहिन्या प्रामुख्याने जळणाऱ्या पानाच्या धुराने खराब होतात. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने सापडली आहेत आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरतात. बिडी छोटी असते म्हणून ती सौम्य, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी सारखी विझते, ती पेटती ठेवायला जोराने आणि वरचेवर ओढावे लागते. परिणामी सिगारेटच्या तुलनेत बिडीवाल्याच्या छातीत डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड जास्तच उतरतो. सोलापूर, सिन्नर, संगमनेरच्या घराघरांत बिड्या वळणाऱ्या बायकांनी तंबाखूच्या धुळीने आलेला खोकला वर्षानुवर्षे सोसला. त्यांच्या हातची बिडी ‘गरिबाची साधी चैन’ म्हणून खपत राहिली.

ब्रिटनमध्ये १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांची नोंद ठेवायला सुरुवात केली. कोण ओढतो, कोण सोडतो, कोण कधी मरतो, याचा हिशेब पन्नास वर्षे चालला. २००४ मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा टपरीवरच्या साठीच्या वडिलांनी ऐकण्यासारखा आहे. तिशीत सोडणाऱ्याने जवळजवळ ती सगळी दहा वर्षे परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्याने नऊ, पन्नाशीत सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यानेही तीन. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ या वाक्याला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण.

मुलाच्या हातातल्या नळीत मात्र काही जळत नाही. ही नळी आजच्या रूपात आणली ती होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने, २००३ च्या सुमारास. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. नळीत एक बॅटरी, एक तापणारी तार आणि थोडा द्रव असतो. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि सुगंध असे त्या द्रवाचे साधारण मिश्रण. झुरका घेतला की तार तापते आणि द्रवाचे बारीक कण हवेत मिसळतात. त्याला ‘भाप’ म्हणणे तसे चुकीचेच. चहाच्या किटलीतून निघते ती वाफ पाण्याची. इथे निघतो तो तेलकट रसायनांचा तुषार. तार जास्त तापली की त्यात फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये तयार होतात, तारेतले निकेल-क्रोमियमसारखे धातूही थोडे उतरतात. तरीही, जळण नाही म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. धुरातल्या पुष्कळ विषांचे प्रमाण इथे खूपच कमी असते. हे मान्य केल्याशिवाय पोराशी बोलायला बसू नये. ‘वेप बिडीपेक्षाही वाईट’ असे त्याला सांगितले की तो मोबाइलवर दोन मिनिटांत ते खोडून काढतो आणि पुढचे काहीच ऐकत नाही.

मग ते ‘पंचाण्णव टक्के’ आले कुठून? इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने ऑगस्ट २०१५ मध्ये अहवाल काढून म्हटले की ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक आहे. या आकड्याचे मूळ एका बैठकीत होते. डझनभर तज्ज्ञांनी निकोटिनच्या बारा प्रकारच्या वस्तूंना त्यांच्या अपायानुसार गुण दिले होते आणि त्याचा लेख २०१४ मध्ये छापून आला होता. म्हणजे तो जाणकारांचा अंदाज होता, प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर तेव्हाच टीका केली. दुसऱ्या बाजूला, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये साधारण तसाच निष्कर्ष काढला. आकडा घटकाभर खरा धरू. तो कुणासाठी आहे, हे पाहिले की वादाचा रंग बदलतो.

हा हिशेब रोज सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा आहे. तोही, सिगारेट पूर्ण सोडून वेपवर गेलेल्याचा. त्याने वापरलेली नळी ब्रिटनच्या नियमांत बसलेली. तिथे द्रवात निकोटिनची मर्यादा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे आणि काही घातक सुगंधद्रव्यांना बंदी आहे. २०१९ मध्ये तिथल्या ८८६ जणांवर झालेला एक गाजलेला अभ्यास पाहा. वेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांची सिगारेट वर्षभर सुटून राहिली. निकोटिनची पट्टी, च्युइंगम वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्क्यांची. वेपची बाजू सरस ठरली, यात शंका नाही. पण दोन्ही गटांना पहिले महिनाभर तरी दर आठवड्याला समुपदेशक भेटत होता. आणि वेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षाच्या शेवटीही वेप ओढतच होते. पट्टी-च्युइंगमवाल्यांत हे प्रमाण होते ९ टक्के. सिगारेट गेली, गुलामी राहिली.

आपल्या कोपऱ्यावर यातले काय आहे? भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने आणि त्याच वर्षअखेरीस कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आली. विक्री करताना पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी ती नळी मिळते, हे कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या असणाऱ्या कुणालाही विचारावे. चोरवाटेने आलेल्या नळीत निकोटिन किती, सुगंध कसला, तार कुठल्या धातूची, हे तपासणारे कुणी नाही. (बिडी आणि सिगारेट मात्र शेजारच्याच टपरीवर कायदेशीर मिळतात, ही विसंगती पोरांच्या नजरेतून सुटत नाही. त्यावर मोठ्यांकडे धड उत्तरही नाही.) म्हणजे आकडा लंडनचा आणि माल चोरबाजारातला. तो आकडा या मालाला चिकटवणे म्हणजे एका औषधाचे लेबल दुसऱ्याच बाटलीला लावणे.

चोरबाजारातल्या मालाने काय होते, ते अमेरिकेत २०१९ मध्ये दिसले. तरुण, एरवी निरोगी मुले धाप लागून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत नोंद झालेले रुग्ण २,८०७ होते आणि त्यांतले ६८ दगावले. तपासात बहुतेकांच्या नळीत गांजाचा अर्क सापडला आणि तो पातळ करायला घातलेले व्हिटॅमिन ईचे एक संयुग फुफ्फुसांना घातक ठरल्याचे पुढे आले. हा साधा निकोटिनचा वेप नव्हता, असे वेपवाले सांगतात आणि ते बरोबरच सांगतात. पण त्या पोरांनाही आपल्या नळीत काय आहे, हे कुठे ठाऊक होते?

मुलाच्या युक्तिवादातली सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे. त्याने कधी बिडी ओढलेलीच नाही. बापाच्या बिडीशी तुलना बापाने करावी. मुलाच्या बाबतीत वेपची तुलना करायची ती स्वच्छ हवेशी, आणि त्या तुलनेत वेप नुकसानीतच जातो. निकोटिनमुळे नाडी वाढते, रक्तदाब चढतो. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, त्या वयात लागलेली चटक खोल रुतते. नव्या नळ्यांत निकोटिन क्षाराच्या रूपात असते. त्यामुळे घसा जळत नाही, ठसका लागत नाही. पहिल्या सिगारेटचा ठसका हा निसर्गाचा पहारेकरी होता, तो या नळीने बाजूला केला. अमेरिकेत २०१९ मध्ये नववी ते बारावीच्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात वेप ओढल्याचे सांगितले. कडक निर्बंध आणि जागृतीनंतर २०२४ मध्ये ते प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. प्रौढांना सिगारेट सोडण्यासाठी वेप देणाऱ्या ब्रिटननेही एकदा वापरून फेकायच्या नळ्यांवर जून २०२५ पासून बंदी घातली, त्यामागे एक कारण हेच होते : त्या नळ्या मुलांच्या हातात जात होत्या.

दुसरी चूक वडिलांच्या पिढीतले काही लोक करू लागले आहेत. दिवसा कामावर वेप, रात्री मित्रांत बिडी. ‘कमी केली आहे’ असे ते अभिमानाने सांगतात. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या हिशेबात कमी ओढण्याला अर्थ आहे, पण हृदय असा हिशेब मानत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ अर्धा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. विसावरून एकावर आलेला माणूस स्वतःला एकोणीस पायऱ्या उतरलेला समजतो. हृदयाच्या लेखी तो निम्म्या जिन्यावरच उभा असतो.

नवे यंत्र आले की जुने विष साफ होते, ही आशाही तशी जुनीच. अकबराचा वकील असद बेग १६०३-०४ च्या सुमारास विजापूरला आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. उत्तरेकडे तिची फारशी ओळख नव्हती. जडावाच्या नळीसह त्याने ती बादशहापुढे नजर केली. अकबराने थोडा झुरका घेतला, तेव्हा हकीम पुढे आला. आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, न पारखलेली वस्तू बादशहाला कशी देऊ, असा त्याचा आक्षेप होता. फिरंगी लोक शहाणे आहेत, ते वापरतात त्याअर्थी काही गुण असणारच, असा असद बेगचा युक्तिवाद. हा सगळा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. अकबराला सवय लागली नाही, पण उमरावांना लागली, व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली आणि १६१७ मध्ये जहांगीरला बंदीचे फर्मान काढावे लागले. त्याचे काय झाले ते आपल्यासमोर आहे. पुढे पाण्यातून आलेला धूर शुद्ध होतो, असे म्हणत हुक्का दिवाणखान्यात शिरला. प्रत्यक्षात तासभराच्या हुक्क्यात शंभर सिगारेटींहून अधिक धूर छातीत जातो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चारशे वर्षांपूर्वी ‘पाण्याने गाळलेला’ होता, आता ‘फक्त भाप’ आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या सगळ्या वादाच्या बाहेर फार मोठी गर्दी उभी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत इथल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू खाणारे, मळणारे, मशेरी लावणारे तब्बल २४.४ टक्के. त्यांच्यासाठी वेप हा पर्यायच नाही. तो आला तर त्यांच्या नातवंडांच्या हातात, नव्या सवयीच्या रूपाने येतो. आणि ही तलफ एका धर्माची नाही. श्रावणात मटण-दारू सोडणारे पुष्कळ भेटतात, पण गाल मात्र श्रावणातही भरलेला असतो. रोजेदाराचे एवढेच वेगळे की महिनाभर दिवसा त्याला कसलीच सूट नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात बिडी पेटवणाऱ्याला डॉक्टर पक्का व्यसनी मानतात. रमजानमध्ये तोच माणूस दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राहतो. ‘आपल्याच्याने होणार नाही’ हे त्याचे अकरा महिन्यांचे म्हणणे तो स्वतःच रोज खोटे पाडत असतो.

अवघड वेळ दिवसाची नव्हेच, इफ्तार ते सहरीची आहे. तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटे टिकते. ती मगरीबनंतर येते, जेवणानंतर येते, तरावीहहून परतताना टपरी दिसली की येते. म्हणून काही जण वाटच बदलतात, चहा टपरीऐवजी घरी घेतात, खिशात लवंग-वेलची ठेवतात. ज्यांची सवय जुनी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री निकोटिनचे च्युइंगम वापरावे. दिवसा ते चालणार नाही, चघळल्याने रोजा तुटतो. त्वचेवर लावायच्या पट्टीने मात्र रोजा तुटत नाही, असे अनेक आलिमांचे मत आहे. तरी आपल्या मसलकाच्या आलिमांना एकदा विचारून घेतलेले बरे. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोपमोड, डोकेदुखी यांचा जोर दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे पहिल्या रोजाच्या रात्री ज्याने काडी ओढली नाही, त्याचा बहुतेक त्रास ईदच्या चंद्रापर्यंत संपत आलेला असतो. उशिरा सुरुवात करणाऱ्याची ईद थोडी चिडचिडीत जाईल, एवढेच.

मुलाच्या वेपलाही उपाय हेच आहेत. त्याच्याशी बोलायला बसण्याआधी वडिलांनी आपले बिडीचे बंडल बाजूला ठेवले, तर बोलणे सोपे जाते. एकट्याने जमत नसेल तर केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा आहे : १८००-११२-३५६. सोमवार सोडून रोज सकाळी आठ ते रात्री आठ. सध्या इफ्तार साडेसहाच्या पुढे होते, म्हणजे त्या पहिल्या झुरक्याच्या वेळी पलीकडे कुणीतरी फोन उचलायला बसलेले असते.